बायकोचा ओंडका

लाकूड चांगलं की वाईट हे मी बोटाच्या पेराने सांगतो. पेर आपटायचं आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर लाकूड निरोगी, बद्द वाजलं तर आतून गेलेलं. कामणच्या एका लाकडाच्या वखारीत मी चौतीस वर्षं हेच काम केलं. ट्रक आला की एकेका ओंडक्याला टोल द्यायचा आणि बाद ओंडक्यावर खडूने फुली मारायची. माझी फुली पडली की मालकसुद्धा ती पुसायचा नाही. हाताला इतकी सवय लागली की मुलीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा मी त्यांच्या दाराच्या चौकटीलाही टोल दिला होता. बायकोने तिथेच मला चिमटा काढला. चौकट किडकी होती. स्थळ मात्र चांगलं निघालं.

आता मी निवृत्त आहे. विरारला फुलपाड्यात चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, चालू असते तेव्हा असते. मुलगी सासरी आणि मुलगा पुण्याला. घरात आम्ही दोघंच.

आमच्या इमारतीतल्या सातआठ बायका रोज सकाळी डोंगराकडे फिरायला जातात. शेवटची चाळ संपली की ओढा लागतो, तो ओलांडला की झाडी सुरू होते. तिथे उन्हाळ्यातही गारवा असतो, कारण ओढ्याकाठची झाडं बारा महिने हिरवी असतात. वर छोटंसं देऊळ आहे. बाकीच्या बायका देवळापर्यंत जायच्या. माझ्या बायकोचे गुडघे तेव्हाही कुरकुरत होते, त्यामुळे ती ओढ्यापाशीच थांबायची आणि एका पडलेल्या झाडावर बसून त्यांची वाट बघायची. पाऊण तास तरी लागायचा त्यांना. पाऊण तास नुसतं बसून माणूस करणार काय? ती खाली बघायला लागली.

तो रायवळ आंबा होता, चार वर्षांपूर्वीच्या वादळात पडलेला. जागा एका म्हाताऱ्या गाववाल्याच्या मालकीची. त्याने फांद्या चुलीला नेल्या आणि खोड तसंच ठेवलं, कारण ते कापायला घरात कुणी उरलं नव्हतं. हे सगळं मला बायकोनेच सांगितलं. मी स्वतः चार वर्षांत तिथे एकदाही गेलो नाही. सकाळी मला पेपर असतो, चहा असतो, आणि मेलेलं लाकूड आयुष्यभर पुरेल इतकं मी बघितलं होतं.

ती परत आली की चहा पिताना सांगायची. आज सालीखाली नखाएवढी पांढरी अळंबी दिसली, काल तिथे काही नव्हतं. आज मुंगळ्यांनी भुसा बाहेर काढून ठेवलाय, अगदी रव्यासारखा. सुतार पक्षी येऊन टोचून गेला, त्याने पाडलेल्या भोकात आता कसलीशी माशी जाते. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचो, आमच्याकडे याला बाद माल म्हणतात. कधी विचारायचो, काय म्हणतंय तुझं मढं? ती चिडायची नाही. एकदाच म्हणाली, "तुमच्याकडे फुली मारली की संपलं. तुम्ही पुढचं कधी बघितलंच नाही." मला ते लागलं नाही. खरंच होतं ते. बाद ओंडके कुठे जायचे हे मी कधी विचारलंही नव्हतं.

मग तिने वही केली. नातवाच्या जुन्या वह्यांमधली कोरी पानं फाडून, दोऱ्याने शिवून. ती शिकली दहावीपर्यंत, पण अक्षर मोत्यासारखं आहे. तारीख, वार, आणि पुढे जे दिसलं ते. सोबत चित्रंही काढायची. चित्रं वाईट असायची. तिचा सरडा मला भेंडीसारखा दिसला आणि मी तसं बोललोही. पाचव्या भागात, म्हणजे बुंध्याकडच्या पोकळ टोकाला, एक विंचू राहत होता. भाग तिनेच पाडले होते, कसे ते मी कधी विचारलं नाही. ती पहिल्या भागावर बसायची आणि निघताना पाचव्यात वाकून बघायची. दर पानाच्या शेवटी एक ओळ ठरलेली असायची: विंचू आहे. एका पावसाळ्यात तिने लिहिलं होतं, पाठीवर पिल्लं, मोजता आली नाहीत.

यंदा माघात तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. वाट्या बदलल्या. घरी आणल्यावर व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, आजी, बरं झाल्यावर काय करायचंय? या वयाच्या बायका नातवाचं लग्न, काशी, असं काहीतरी सांगत असणार. ही म्हणाली, "ओढ्यापलीकडे माझा एक ओंडका आहे, तिथपर्यंत जायचंय." मुलीने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. पण त्या ओंडक्यासाठी ही बाई दात-ओठ खाऊन गुडघा वाकवायची. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी पाय उचलायची. वेदनेच्या गोळ्या उशाला असायच्या आणि त्यांच्याशेजारी वही.

आणि मग आली होळी.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमच्याकडे शिमग्याचं लाकूड मागून किंवा विकत आणत नाहीत, ते चोरतात. कुणाच्या परसातला वासा, कुणाची मोडकी बैलगाडी, कुणाचं कुंपण. मालकाने पकडलं तर शिव्या खायच्या. पण एकदा लाकूड होळीत पडलं की मालकाचा हक्क संपला. तो बाजूला उभा राहून हात जोडतो. मी लहान असताना आमच्या आळीने एका भटजींचा पाटसुद्धा पळवला होता आणि ते बिचारे दुसऱ्या दिवशी जमिनीवर बसून जेवले. इमारतीत कोकणातली बरीच घरं आहेत, त्यामुळे होळीचं पुढारपण पहिल्यापासून माझ्याकडे. यंदा तरुण मंडळी म्हणाली, काका, लाकूड वखारीतून मागवू. मी म्हटलं, विकतच्या लाकडाची होळी मी बघणार नाही, तुमची तुम्ही पेटवा. मग ऐकलं.

होळीच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही सहाजण टेम्पो घेऊन निघालो. टेम्पो चाळीतून जात नाही, म्हणून मागच्या कच्च्या रस्त्याने डोंगराच्या पायथ्याला गेलो. करवंदीच्या जाळीमागे एक जाडजूड खोड आडवं पडलं होतं. साल गळालेली, रंग राखाडी. मी वाकलो आणि टोल दिला. बद्द वाजलं. दुसऱ्या टोकाला दिला. तिथे तर नुसतं पोकळ. सगळे माझ्याकडे बघत होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. निवृत्त झाल्यापासून माझ्या पेराची वाट कुणी बघत नाही. "बाद आहे," मी म्हणालो. "उचला."

त्यावर चार ठिकाणी लाल लोकर गुंडाळलेली होती. कुणाचा नवसबिवस असेल म्हणून मी आधी हात जोडले, मग तोडून टाकली.

आता कुणीही विचारेल की तेव्हा कळलं कसं नाही. तिने लोकरीचं मला कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी पेपर वाचत असेन. माझ्या डोक्यात तिचा ओंडका चाळीकडून जाणाऱ्या वाटेवर होता आणि आम्ही आलो होतो मागून. दोन्ही वाटा त्या जाळीपाशी एकत्र येतात हे मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी तिचा ओंडका माझ्या मनातच आला नाही.

होळी छान झाली. खाली सुकी लाकडं, वर खोड. कुजकं लाकूड धुमसतं, पण एकदा धरलं की सोडत नाही. किडेमुंग्या निघाल्या थोड्या, त्या निघतातच. आम्ही बोंबा मारल्या. बायकोची खुर्ची मी खिडकीशी नेऊन ठेवली होती, तिथून ती बघत होती. तिच्या नावाचा नारळ मी आगीत टाकला आणि भाजल्यावर काठीने ओढून काढला. वर जाऊन तिला गरम खोबरं दिलं. गोड आहे, म्हणाली, आणि आणखी एक तुकडा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळीही निखारे जिवंत होते. होळीवर तापवलेलं पाणी अंगाला चांगलं, म्हणून मी बादलीभर पाणी तिथे तापवून वर आणलं आणि तिचे पाय धुतले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचे पाय मी पहिल्यांदाच धुतले असतील. तिला संकोच वाटला. मलाही वाटला.

आठवडाभराने तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, पाडव्याच्या आत एकदा माझा ओंडका बघून या. तिने कधी नव्हे ते काम सांगितलं म्हणून मी लगेच चप्पल घातली. तिने वाट समजावून दिली. चाळ संपली की डावीकडे, ओढ्यातल्या तीन दगडांवरून पलीकडे, मग करवंदीची जाळी, जाळीमागे. "ओळखायला सोपं आहे," ती म्हणाली. "भाग कळावेत म्हणून मी त्यावर लाल लोकर बांधलीये."

मी जिन्यातच बसलो. कोण जाणे किती वेळ.

तरीही गेलो. दुसरंच कुठलं तरी लाकूड असेल, लाल लोकर काय कुणीही बांधेल, असं स्वतःला सांगत गेलो. तीन दगड होते. जाळी होती. जाळीमागे जमिनीत लांब खळगा होता, ओढून नेल्याचे ओरखडे होते, आणि लोकरीचा वीतभर तुकडा पानांवर पडला होता. जमिनीचा मालक तिथेच पाचोळा गोळा करत होता. त्याला वाटलं मी चौकशीला आलोय. म्हणाला, "कोनीतरी होळीला नेलां. माझं काय जातंय, कुजलेलं होतं. पन एक बाई येते वही घेऊन, तिला मी बोल्लेलो, हे कोनाला देनार नाय म्हनून. आता ती आली का काय सांगू?"

मी खाली वाकलो. लोकर खिशात घातली आणि परत फिरलो.

घरी येताना मी ठरवलं होतं की सरळ सांगायचं. दार उघडलं तर ती खिडकीचा कठडा धरून उभी होती, पहिल्यांदाच कुणाचाही आधार न घेता. वही जवळच्या टेबलावर उघडी, पेन त्यावर. विचारलं, आहे ना? मी म्हणालो, आहे. म्हणाली, काय काय दिसलं? मी म्हणालो, मुंगळे होते. एक सरडा होता. तिने उभ्याउभ्याच लिहिलं, "ह्यांनी पाहिलं," आणि खाली मुंगळे, सरडा. मग म्हणाली, विंचू? मी म्हणालो, घाबरलो, वाकून बघितलं नाही. ती हसली. म्हणाली, भित्रे आहात.

त्यानंतर सहा आठवडे मी तिच्याशी खोटं बोललो. पण मनाने रचून सांगायचं तर मला किड्यांची नावंही येत नाहीत, म्हणून मी दर तीन दिवसांनी खरंच जायचो. ओढ्याच्या थोडं वर, चढावर, ऐनाचं एक झाड उन्मळून पडलेलं आहे. त्याच्यापाशी बसायचो आणि तिथे दिसेल ते येऊन सांगायचो. ऐनाची साल जाड, सुसरीच्या पाठीसारखी, तिच्या आंब्याची कधीच गळलेली. त्यामुळे सालीचं काही सांगायचं नाही एवढं भान ठेवत होतो. पहिल्या दोन वेळा घड्याळाकडे बघत बसलो. नंतर नंतर घड्याळ बघायचं राहून जायला लागलं. एकदा एक मुंगी स्वतःहून मोठा पांढरा दाणा घेऊन त्या खोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि मी तिच्याबरोबर चालत गेलो. घरी येऊन तेही सांगितलं. बायको म्हणाली, ते दाणे नव्हेत, पिल्लं असतात त्यांची. आणि मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पिल्लं तोंडात धरलेल्या मुंग्या मी आधी एकदा बघितल्या होत्या. कुठे, ते मला आठवलं होतं.

सांगायला हवं होतं. रोज सांगायला हवं होतं. पण ती रोज थोडी जास्त चालत होती. आधी हॉल, मग पॅसेज, मग जिना. तो ओंडका गेला म्हटलं तर ही खाटेवर बसेल ती उठणार नाही अशी मला भीती होती. निदान स्वतःला तरी मी हेच कारण सांगत होतो. खरं कारण इतकंच की मला तोंड नव्हतं.

अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी ती म्हणाली, चला. रिक्षाने चाळीपर्यंत गेलो. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने माझा दंड धरलेला, असे आम्ही तीन दगडांवरून ओढा ओलांडला. ओढ्याला तेव्हा पाणी नसतं. माझ्याकडे घडीचं स्टूल होतं. ती म्हणाली, स्टूल कशाला, बसायला माझं आहे की. मी थांबलो. जाळी आली होती. तिथेच सगळं सांगितलं. टेम्पो, टोल, लोकर, सहा आठवडे. एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. खिशातून लोकर काढून तिच्यापुढे धरली.

ती जाळीला वळसा घालून गेली आणि खळग्याकडे बघत उभी राहिली. तिच्या तोंडावरचं मला काही वाचता आलं नाही. पेराने कळण्यासारखं ते नव्हतं. मी स्टूल उघडून ठेवलं. ते तिने स्वतः उचललं, खळग्यात, जिथे पहिला भाग असायचा तिथे मांडलं, आणि बसली. मी म्हणालो, शिव्या दे, पण बोल. म्हणालो, त्या मालकाकडे दुसरा आंबा आहे, वाळायला आलेला, मी त्याला विचारतो.

"होळीत गेलेलं परत मागायचं नसतं," ती म्हणाली. तीही कोकणातलीच.

मग तिने विचारलं की गेल्या सहा आठवड्यांचं जे लिहिलंय ते कुठलं. मी वरच्या ऐनाचं सांगितलं. तिने पिशवीतून वही काढली, त्या पानांच्या वर एकेक आडवी रेघ ओढली आणि डोक्याशी लिहिलं, ऐन. खाडाखोड केली नाही. मला वाटलं, झालं, एवढ्यावर निभावलं. पण तिने कोरं पान काढलं आणि तारीख घातली. आजची नव्हे, होळीची.

"तुम्ही होतात ना तिथे," ती म्हणाली. "मला वरून नुसता जाळ दिसला. काय काय बाहेर आलं, सांगा."

मी म्हणालो, असू दे आता. ती पेन धरून थांबली. तिला घाई नव्हती. पाऊण पाऊण तास तिथे बसायची सवय होती तिला.

मग मी सांगितलं. आधी मुंगळे निघाले, पुष्कळ. प्रत्येकाच्या तोंडात पांढरं काहीतरी. दोन्ही टोकं पेटलेली असल्यामुळे ते वरच्या बाजूने इकडून तिकडे, तिकडून इकडे धावत होते. नंतर धावेनासे झाले. तिने लिहिलं. एक सापसुरळी निघाली, शेपूट नसलेली, ती गटाराकडे गेली, वाचली असेल. लिहिलं. गांडुळासारखा एक वाळा साप निघाला, तो विषारी नसतो हे मला माहीत होतं, पण पोरंसोरं ओरडली आणि कुणीतरी त्याला काठीने पुन्हा आत ढकललं. तेही लिहिलं. आतून फटफट आवाज येत होते. आम्हाला वाटलं लाकडातली ओल. पण त्या लाकडात ओल नव्हती, आणि ते मला तरी कळायला हवं होतं. जाड अळ्या होत्या त्या.

"विंचू?" तिने विचारलं.

"आला होता बाहेर."

"मग?"

"मी मारला. चपलेने. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

तिने लिहिलं. तिचं अक्षर नेहमीसारखंच होतं, गोल, सरळ रेषेत. लिहून झाल्यावर तिने माझ्या पायांकडे बघितलं. चपला त्याच होत्या.

"आणखी काही?"

"आणखी तुझा नारळ," मी म्हणालो. "तो मी पाचव्या भागापाशी टाकला होता."

तिने तेही लिहिलं. मग वही मिटली आणि लोकरीचा तो तुकडा तिच्याभोवती गुंडाळून गाठ मारली.

"खोबरं गोड होतं," ती म्हणाली. "मी आणखी मागून घेतलं."